भेगेवरची काच

"सर, तुमच्या रिपोर्टप्रमाणे हे घर गेल्याच वर्षी पडायला हवं होतं," बँकेच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या आणि फाइल माझ्याकडे फिरवली.

फाइल जुनी, पिवळी पडलेली. सही माझी. फोटोतल्या घराच्या उत्तरेच्या भिंतीवर खिडकीपासून खालपर्यंत तिरकी भेग. खाली एका रकान्यात मी लिहिलेलं होतं: 'दहा वर्षे'. त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली होती.

मी व्हॅल्युअर आहे. बँक घरावर कर्ज देते तेव्हा ते घर खरंच जागेवर आहे का, किती किमतीचं आहे आणि कर्ज फिटेपर्यंत उभं राहील का, हे बघून सांगणारा माणूस. आमच्या घरी या धंद्याला 'लोकांच्या घरांच्या किमती सांगत फिरणं' म्हणतात. बायको त्यापुढे आमच्या घरच्या गळक्या नळाविषयी एक वाक्य जोडते, ते इथे लिहीत नाही.

रिपोर्टमध्ये 'रेसिड्युअल लाइफ' नावाचा एक रकाना असतो. म्हणजे घर अजून किती वर्षं टिकेल त्याचा अंदाज. कर्ज पंधरा वर्षांचं असेल तर या बँकेला तिथे निदान वीसचा आकडा लागतो. इथे माझ्याच हिशोबाने उणे एक निघत होता.

"कर्ज कोण मागतंय?" मी विचारलं.

"तिथलेच भाडेकरू. बाळू गवंडी. पाडव्याच्या आत मंजुरी पाहिजे म्हणतात. फ्रेश व्हॅल्युएशन करा. पण सर, घराचं वय वाढतं तसं आयुष्य कमी होतं. तुमच्याकडे ते वाढलं, तर हेड ऑफिस मला विचारणार आणि मी तुम्हाला."

पाडव्याला अठरा दिवस होते.

घर आळेफाट्याच्या थोडं अलीकडे, आमच्या पिंपळवंडीच्या बाजूला. पूर्वी तिथे एकटं उभं असायचं. आता त्याच्या दोन्ही अंगांना बंगले झालेत. फाटकांवर इंग्रजी नावं, आत हिरवळ, शनिवारी पुण्याच्या गाड्या. बिबट्या दिसतो का, असं ती मंडळी हौसेने विचारतात आणि दिसला की कंपाउंड दोन फूट उंच करून घेतात. जागेचा भाव मी दर सहा महिन्यांनी रिपोर्टात वाढवून लिहितो, तेव्हा कुठे तो बाजाराच्या जवळपास पोचतो. भाड्याने राहणारी घरं एकेक करून पिंपरी पेंढारच्याही पलीकडे सरकली. हे एक राहिलं होतं.

मी मोटारसायकल लावली. दारात एक बाई कणकेची परात घेऊन उभ्या होत्या. बाळूभाऊंच्या बायको, सुमनवहिनी. आजूबाजूच्या बंगल्यांना शनिवार-रविवार पोळी-भाजी त्याच पुरवतात.

"तुमीच ना ते हेल्मेटवालं साहेब?" त्या म्हणाल्या. "ह्या टायमाला आत या. मागल्या खेपंला रस्त्यावरनंच गेला व्हता."

ही गोष्ट खरी होती आणि मी ती सोयीस्करपणे विसरलो होतो. अकरा वर्षांपूर्वी घरमालक आण्णांनी याच घरावर कर्ज मागितलं होतं. मे महिन्याची दुपार, दिवसातली सातवी साइट, संध्याकाळी मेव्हण्याची हळद. मी गाडीवरून उतरलो नव्हतो. भेगेचा फोटो काढला, अंगणात माल कालवत बसलेल्या एका माणसाला म्हणालो, "फार तर दहा वर्षं," आणि हळदीला गेलो. आण्णांचं कर्ज नामंजूर झालं.

माल कालवणारा माणूस म्हणजे बाळूभाऊ. आता ते हसत बाहेर आले. "राव, तुमचे लई उपकार हायेत. तुमच्या रिपोर्टामुळं आण्णांनी कधी भाडं वाढवलं न्हाई. पडक्या घराचं काय वाढवणार?"

मला आत जायला अचानक फार घाई झाली.

व्यवहार साधा होता. आण्णा मुलाकडे पुण्याला गेले. मुलाला जागा विकायचीय. शेजारच्या बंगल्याच्या मालकांना ती हवीय, त्यांना तिथे पोहण्याचा तलाव करायचाय. आण्णांनी मात्र शब्द दिला होता: बाळूने पाडव्याच्या आत बँकेचं मंजुरीपत्र दाखवलं तर घर बाळूला, तेही गेल्या वर्षीच्या भावाने. नाहीतर पाडव्याला तीच शेजारची पुण्याची पार्टी विसाराचं टोकन घेऊन येणार.

"या दोन्ही बंगल्यांचं बांधकाम कुणाचं?" मी विचारलं.

"माझंच की," बाळूभाऊ म्हणाले. "समोरचाबी. आता तलाव खणायलाबी मलाच बोलावतील. आमच्याच चुलीच्या जागंवर."

सुमनवहिनी म्हणाल्या, "मी न्हाई जेवण देनार त्यांना."

मी कामाला लागलो. चारही कोपऱ्यांना ओळंबा सोडला. भिंत सरळ आहे की झुकली हे ओळंबा सांगतो आणि त्याला कुणाची भीड नसते. तीन कोपरे सरळ. उत्तरेच्या कोपऱ्यात जरासा कल, पण जुना वाटत होता. आता प्रश्न एकच. भेग मेली आहे की जिवंत? मेलेली भेग म्हणजे भिंत कधीकाळी हलली आणि थांबली. जिवंत म्हणजे अजून हलतेय. हे एका भेटीत कळत नाही. भेगेवर खूण करायची, महिनोन्‌महिने वाट बघायची. माझ्याकडे अठरा दिवस होते.

मी तसं सांगितलं. बाळूभाऊंनी उत्तरेच्या भिंतीला आतून टेकलेलं कपाट मागे ओढलं.

भेग तिथे होती. तिच्यावर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावून बसवलेली काचेची पट्टी. मधोमध तडकलेली. तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी पट्टी. ती अख्खी. प्रत्येक पट्टीशेजारी ओल्या सिमेंटात खिळ्याने तारीख कोरलेली.

काच ताणली जात नाही. भिंत केसभर हलली तरी ती तुटते. आम्ही लोक हे पुस्तकात शिकतो.

"हे कुठे शिकलात?"

"कालव्याच्या कामाला व्हतो तवा. तिथलं मिस्त्री लावायचं. तुमी दहा वर्सं म्हनून गेला, मी त्याच रात्री फोटोच्या फ्रेमची काच कापली. म्हनलं, बघू तर खरं. पयली पावसाळ्यात फुटली."

"म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो," मी म्हणालो. कुठे दिलासा मिळतोय का बघत होतो.

"बाहेरनं बरोबर व्हता," सुमनवहिनी म्हणाल्या.

पहिली काच फुटल्यावर बाळूभाऊंनी कारण शोधलं होतं. पत्र्याचं सगळं पाणी त्याच कोपऱ्यात पडत होतं आणि पायाखालची माती धुऊन नेत होतं. त्यांनी पन्हळ लावली, पाणी लांब काढलं, कोपऱ्याचा पाया हात-हात उघडून खालून दगड-चुन्याने भरून घेतला. भाड्याच्या घराचा पाया, स्वतःच्या हाताने, रविवारी. मग दुसरी काच लावली. शेजारची तारीख मी दोनदा वाचली. दहा पावसाळे.

"आण्णांना सांगितलं होतं?"

"कशाला? भाडं वाढवलं असतं."

माझ्या सांगण्यावरून त्यांनी कोपऱ्याशी खड्डा घेतला. मी त्यात उतरून पाया पाहिला. वीस वर्षं मी लोकांचे पाये बघतोय. इतकी नीट सांधेमोड, म्हणजे दगडावर दगडाचे सांधे एका रेषेत न येऊ देणं, मी बंगल्यांत पाहिलेली नाही. खड्ड्यातून बाहेर यायला मला बाळूभाऊंचा हात लागला. त्यात माझ्या पोटाचा दोष आहे, पायाचा नाही.

रिपोर्टात मी 'पंचवीस वर्षे' लिहिलं. काचांचे, तारखांचे, पायाचे फोटो जोडले. मग आला तो रकाना, 'मागील अहवालाशी फरक असल्यास कारण'. तिथे 'दुरुस्ती केली' एवढं लिहून भागलं असतं. अर्धं खरंच होतं ते. पण मग कुणीतरी विचारलं असतं की पहिल्या वेळी भेगेचं कारण का दिलं नाही, आणि शंकेची सुई पुन्हा घरावर आली असती. मी लिहिलं: 'मागील पाहणी मी रस्त्यावरून केली होती. घरात प्रवेश केला नव्हता. दहा वर्षांचा अंदाज निराधार होता.'

मॅडमनी ते वाचलं. "सर, हे असंच पाठवू? पॅनलवरून काढतील तुम्हाला." पॅनल म्हणजे बँकेची ठरलेल्या व्हॅल्युअरची यादी. त्यातून नाव गेलं की मी फक्त मोटारसायकल असलेला एक माणूस उरतो.

"असंच पाठवा," मी म्हणालो. आवाज ठाम आला.

त्यांनी काचेचा फोटो वर काढला. मग म्हणाल्या, "मला ती काच बघायचीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम स्वतः आल्या. कपाट पुन्हा मागे ओढलं गेलं. त्यांनी अख्ख्या काचेवरून बोट फिरवलं, धूळ पुसली, तारीख वाचली.

"दहा वर्षं रोज बघायचात?" त्यांनी विचारलं.

"रोज न्हाई," बाळूभाऊ म्हणाले. "पाऊस झाला की बघायचो. ही म्हनायची, घर आपलं न्हाई आन्‌ जीव कशाला टांगता? म्हनलं, भिंत तर आपल्याच अंगावर पडनार ना."

मॅडम हसल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून त्यांनी पाहणीच्या कागदावर चार ओळी लिहिल्या. जाताना शनिवारच्या पोळ्या सांगून गेल्या.

हेड ऑफिसने दोनदा शंका काढल्या. दोन्ही वेळा मॅडमनी काचेचे फोटो पुन्हा पाठवले. मंजुरी पाडव्याच्या दोन दिवस आधी आली. आण्णांनी शब्द पाळला. मुलाने थोडी कुरकुर केली, तेव्हा आण्णा त्याला म्हणाले, "घर पडायला आलंय असं अकरा वर्षं मीच सांगत फिरलो. आता कोणत्या तोंडाने भाव वाढवू?" पाडव्याला त्या घरावर गुढी उभी राहिली, दोन्ही बंगल्यांच्या मधोमध. तलाव त्या बंगल्याच्याच समोरच्या बाजूला झाला. खणला बाळूभाऊंनीच. सुमनवहिनींनी जेवणही दिलं, दर वाढवून.

मला हेड ऑफिसकडून कडक पत्र आलं आणि तीन महिने एकही फाइल आली नाही. ते पत्र मी जपून ठेवलंय. घरी पाहुणे आले की काढून दाखवतो. बायको म्हणते, लोक प्रशस्तिपत्रं दाखवतात, हे ताकीद दाखवतात. पण वीस वर्षांत माझ्या नावावर एवढा स्वच्छ कागद दुसरा नाही.

धंद्याचा धडा म्हणाल तर साधा आहे. घराचं आयुष्य सांगण्याआधी गाडीवरून उतरावं. माझ्या बॅगेत आता ओळंब्याशेजारी काचेच्या चार पट्ट्या असतात, बाळूभाऊंनी कापून दिलेल्या.

परवा त्या रस्त्याने जात होतो. घाई होती. गाडी चालू ठेवूनच दारातून हाक मारली, "वहिनी, काच?"

"हाय शाबूत," आतून आवाज आला. "पन आत येऊन बघा. तुमच्या बाहेरनं बघन्यावर आमचा इस्वास न्हाई."

मी गाडी बंद केली.