मावशींनी केलेला आंबट रस्सा

वलवणला आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी बाजारात प्रत्येक वांग्याला नावं ठेवतात आणि मग तीच वांगी घेऊन येतात. त्यांच्या जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने फिलिपिन्सची बायको केली, तेव्हा सुनेचंही तसंच झालं. "पोरगी ग्वाड हाय, पन तिच्या त्या मासळीच्या सॉसनं डोकं उठतं!"

यंदा सून गरोदर राहिली आणि तिला अन्न जाईना. मुलगा समुद्रावर. एका सकाळी मावशी माझ्याकडे चिंच मागायला आल्या.

"पोरीला काय आवडतं ते इचाराया तिच्या आईला व्हिडिओ फोन लावलता. बोलनं कळंना, मग तिनं एकेक वस्तू दावली. चिंच, मुळा, भेंडी, वांगं. समदं हितलंच की!"

चिंच घेऊन मीही त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मावशींनी मासे घालून आंबट रस्सा उकळला. शेवटी नाकाला पदर लावून तो सॉसही घातला.

पहिला घोट घेताच सून रडायला लागली. मावशी घाबरल्या.

"बिघडलं का गं?"

सुनेने डोळे पुसले आणि वाटी पुढे केली.

"न्हाई, आई. आजून वाढा."