दोरीचं एक टोक

खालच्या बागेत आज मेंदीचं कुंपण कापत होते. विजेच्या यंत्राचा आवाज परका. पण कापलेल्या पानांचा हिरवा, कडवट वास खिडकीतून आत आला आणि मी धुळ्याला, देवपुरातल्या एका बंगल्याच्या आवारात जाऊन उभा राहिलो.

नाना आणि मी तिथे माळी होतो. कुंपण छातीइतकं उंच. दोरीचं एक टोक खुंटीला, दुसरं माझ्या मुठीत, आणि नाना लांब दांड्यांची कात्री चालवत दोरीच्या रेषेत पुढे सरकायचे. नजर फक्त दोरीवर. कात्रीची संथ कचकच, पांझरा नदीवरून येणारा वारा, कोवळं ऊन. माझं नवं लग्न झालेलं, बायको माहेरी साक्रीला. तिच्या विचारात माझी मूठ कधी सैल पडली, कळलंच नाही.

भानावर आलो तेव्हा कुंपणाला मधोमध झोळ पडला होता. मी गुपचूप दोरी ताणली.

बंगल्याचे साहेब हसले, "नाना, चष्मा लागला वाटतं!"

नानांनी ताठ दोरीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. "दोरी बरोबर शे रे भाऊ," ते मला म्हणाले, "मनाच डोया गयात." माझेच डोळे गेले, म्हणे.

मी दोरी गुंडाळायला घेतली. त्यांनी कात्री पुसून माझ्या हातात दिली, ती कायमचीच.

तो झोळ नव्या पालवीने भरून आला. नाना मात्र नुसतं पाणी घालत राहिले. समोरून मी आलो तरी डोळे बारीक करून विचारायचे, "कोन शे?"

माझी मूठ सैल पडली होती, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांची नजर चांगली होती. शेवटपर्यंत चांगली होती.