वहिनींची उरलेली डबी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या वाहतुकीत अडकलो होतो. "बाबा, काकू..." एवढंच मुक्ता बोलू शकली. गाडी बाजूला घेतली, आणि रडू येण्याआधी मला राग आला. तो अजून उतरलेला नाही.

मुक्ता माझी मुलगी. वहिनी म्हणजे वारज्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची बायको. एमएस्सीनंतर मुक्ताने गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर पीएचडी सुरू केली, पण तिच्या प्रयोगशाळेत वाढत होत्या त्या परदेशातून आलेल्या पेशी. तिला आपल्याकडच्या बायकांचे नमुने हवे होते आणि तपासणीचं नाव काढलं की बायका उठून जात. एकदा जेवताना ती हे रडकुंडीला येऊन सांगत होती, तर वहिनी म्हणाल्या, "बाटलीतल्या पेशींना काय विचारत बसलीस? बायकांना विचार की. हळदीकुंकवाला बोलाव."

"वहिनी, फसवून बोलवायचं?"

"फसवून कशाला, भाऊजी? बोलावतानाच सांगू. तुम्ही वाणाचं बघा, बायका मी बघते."

त्यांच्या आतल्या खोलीत डॉक्टरबाई आणि मुक्ता, बाहेर तिळगूळ. नाही म्हणणारीलाही वाण मिळालं, पण वहिनींपुढे नाही म्हणणाऱ्या थोड्याच. वाणाच्या स्टीलच्या डब्या मी वहिनींची धरून मोजून आणल्या होत्या. संध्याकाळी एक उरली. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरची बाई शेवटच्या पंगतीला बसते, भाऊजी. मी आत जाऊन झोपले असते तर चहा काय तुम्ही केला असता? माझं पुढच्या वेळी." डॉक्टरबाई तोवर निघून गेल्या होत्या. पुढच्या वेळी दुसऱ्या घरी कार्यक्रम झाला, तिथेही वहिनीच चहाला. पाळी थांबून वर्षं झाल्यावर अंगावर जाऊ लागलं, तेही त्यांनी वयावर ढकललं. कळलं तेव्हा आजार फार पसरला होता. त्यांनीच दंडाला धरून आत बसवलेल्या दोघींच्या पेशींतला दोष वेळेवर सापडला, उपचार झाले, त्या भाजी घेताना भेटतात. मला हे गणित सुटत नाही. घरातच तपासणी, घरातच पीएचडी करणारी पोर, आणि मध्ये काय आलं... तर चहा!

वहिनी गेल्यावर मुक्ता विषय सोडायला निघाली होती. सोडला नाही. गेल्या रविवारी वारज्यातच वहिनींच्या शेजारच्या शिंदेकाकूंकडे कार्यक्रम होता. सामान पोचवायला मी गेलो होतो. मुक्ताने पिशवीतून पहिल्यांदा वहिनींची ती डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आधी तुम्ही, काकू."

"अगं, आधी पाहुण्यांचं होऊ दे."

"मग तोवर मी इथेच बसते, तपासणी सुरू होणार नाही."

आणि बसली. शिंदेकाकूंनी डबीकडे पाहिलं, पदर खोचला आणि आत गेल्या. दारातून मात्र वळून मला म्हणाल्या, "गॅसवर चहा ठेवलाय हो..."

मी उठलो आणि गॅस बंद केला.