उन्हात धरलेली मांजर

फुई गेल्याचं कार्ड सुरतेच्या वसतिगृहात आलं, ते मी दोनदा वाचलं. चुलतभावानं चारच ओळी लिहिल्या होत्या. शेवटची ओळ अशी : 'मांजर अजून कोठीवर बसून असते.' मांजर कोणत्या रंगाची, ते त्यानं लिहिलं नव्हतं. मुद्दामच टाळलं असावं... गेली तीन वर्षं आमच्या घरात मांजरीच्या रंगाबद्दल कोणी बोलत नाही, आणि त्याला कारण मी आहे.

फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन ती नवापूरकडच्या आमच्या गावी परतली आणि गावाच्या कडेला असलेल्या दोन खोल्यांत घरच्या धान्याच्या कोठ्या सांभाळत राहिली. उंदरांसाठी मांजरं पाळायची. पिल्लू महिन्याचं झालं की त्याला उन्हात न्यायची, मानेवर नि पोटावर फुंकर मारून केसांचं मूळ बघायची, आणि मगच नाव ठरायचं. कोणी धवळी, कोणी करडी, कोणी कबरी. पांढऱ्यावर मोठे डाग असले तर बांडी. "सावलीमा नाव ठेवानं नही," म्हणायची. मला त्याची गंमत वाटे. लक्ष मात्र मी कधी दिलं नाही.

गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा शेजारच्या दगा बापूंचा नातू तापानं फणफणला होता. त्याच्या पाळण्याखालून काळं मांजर गेल्याचं सुनेनं पाहिलं होतं. 'डाकीण' हा शब्द कोणी उच्चारला नाही. फक्त बायका फुईच्या ओट्यावर टेकायच्या थांबल्या, आणि तिच्या दारावरून जाताना पोरांचे हात घट्ट धरू लागल्या. मग बापूंनी मला पारावर बोलावलं. चार माणसं आधीच बसली होती.

"भाऊ, तू कालेजमा शिकी ऱ्हायना. तू खोटं बोलाव नही. तुन्ही फुईनी मांजर कोनत्या रंगनी शे?"

खरं तेच सांगायचं, असं मी ठरवलं. "काळी," म्हणालो.

माणसं उठली ती थेट फुईच्या अंगणात गेली. "बाई, तू गाव सोडी दे," बापू म्हणाले. फुईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कोठीवरची मांजर उचलून भर उन्हात धरली आणि तिच्या बरगडीवर फुंकर मारली. काळे केस दुभंगले. खाली मुळाशी सगळं पांढरं.

"ही काळी शे का, बापू? धुरकटी शे. डोया उघाडीसन देखा." मग माझ्याकडे वळून, "काय भो, कालेजमा रंगेसना नावे नही शिकाडतस का?"

कोणीतरी हसलं. बापूंनी स्वतःही एक फुंकर मारून पाहिली. माणसं पांगली. चार दिवसांत नातवाचा ताप उतरला.

माझा संशय उतरला नाही. फुईनं मांजर बदलली तर नसेल? आमच्या मांजरीचा डावा कान पहिल्यापासून फाटका होता; दुसऱ्या दिवशी मी चोरून तो तपासला. तीच होती. मागे वळलो, तर फुई दारात उभी...

त्यानंतर ताक असो, दूध असो, कोणालाही देण्याआधी फुई स्वतः एक घोट घ्यायची. मलाही तसंच. "फुई, मला कशाला चाखून देतेस?" मी एकदा विचारलं.

"ऱ्हाऊ दे भो. तू खरं बोलनारा मानूस. यामा काही नही, हे तुले पटाले नको का?"

गेल्या दिवाळीत मी माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. तिनं पितळी पेल्यातल्या दुधाचा घोट घेतला आणि पेला माझ्यापुढे केला. मी दूध प्यालो आणि गाडी चुकेल म्हणून निघालो. तीच शेवटची भेट.

फुईच्या दिवसांना गावी गेलो तेव्हा तो पेला कोनाड्यात पालथा होता. मांजर कोठीवरून उतरली, पण माझ्यापासून हातभर लांबच थांबली. मी पेल्यात दूध ओतून तिच्यापुढे सरकवलं. तिनं वास घेतला आणि मागे सरली. मग मी पेला उचलला, तिच्यादेखत आधी एक घोट घेतला, आणि पुन्हा खाली ठेवला.

ती अजून माझ्याकडेच बघत होती...