आतल्या पानावरचं तिमोर

नव्व्याण्णवच्या श्रावणात पूर्व तिमोरनं स्वतंत्र व्हायचं म्हणून मतदान केलं. आमच्या गोरेगावात हे नाव त्याआधी कुणी ऐकलंही नव्हतं. हिंगोलीहून जीपनं दुपारी पेपर यायचा आणि वडिलांचे डोळे अधू, म्हणून हॉटेलात चहावर मी तो मोठ्यानं वाचायचो. निकालाची बातमी पहिल्या पानावर होती. लोक खूश झाले, एकानं तर सगळ्यांना चहा सांगितला. परक्याचं स्वातंत्र्य साजरं करायला काय जातंय!

मग तिथं स्वातंत्र्याच्या विरोधकांनी जाळपोळ सुरू केली, माणसं डोंगरात पळाली. आमच्याकडं तेव्हा लोकसभेची धामधूम. तिमोर आतल्या पानावर गेलं, तेही एका कोपऱ्यात. "ते ऱ्हाऊ दे, आपलं वाच," लोक म्हणायचे. मला चीड यायची. वडील मात्र रोज म्हणायचे, "आतलं पान काढ. माघारी आले का लोकं?"

ते काहून विचारतात, मला ठाऊक होतं. रझाकारांच्या वेळी आमचं घर मेंढरं घेऊन वऱ्हाडात पळालं, आजोबा घर राखायला मागं राहिले. मराठवाडा मुक्त झाला, सगळे परतले; आजोबा सापडलेच नाहीत. मेलेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून आजीनं कुंकू पुसलं नाही. ती गेली तेही मळवट भरून. पितृपक्षात तिचं अविधवा नवमीला, सवाष्णीचं म्हणून व्हायचं. आजोबांच्या नावानं मात्र कधी घास निघाला नाही.

त्या वर्षी नवमी झाली आणि एका दुपारी बातमी आली : लोक डोंगरातून परतताहेत, पण कित्येकांचा पत्ता नाही, घरचे वाट बघताहेत. वडिलांनी ती पुन्हा वाचायला लावली.

"बघून राहिले वाट," ते म्हणाले. "आमी बी लई बघितली."

घरी येऊन ते आईला म्हणाले, "औंदा अमावास्येला माझ्या बापाचं पान वाढ."

आई थबकली. "आन् सासूबाईंचं कुंकू?"

अमावास्येला वडिलांनी स्वतःच्या हातानं निखाऱ्यावर बापाच्या नावाची आगारी टाकली. घास जळून धूर वर गेला तेव्हा त्यांना हुंदका आवरेना.

मग डोळे पुसून ते आईला म्हणाले, "म्होरच्या साली नवमीला सवाष्ण जेवू घालायची, हाय तशीच. माझ्या मायला ह्यातलं काई कळू द्यायचं न्हाई."