आंधळं पाणी

हेमेंद्र मोहिते सव्वीस वर्षं गोताखोर होते. सरकारी बचाव पथकात. 'बचाव' हा शब्द गाडीवर रंगवलेला असायचा, पण मोहित्यांना बोलावणं यायचं तोवर वाचवण्यासारखं बहुधा काही उरलेलं नसायचं. कोणी विहिरीत, कोणी तलावात, कोणी शहराबाहेरच्या दगडाच्या खदानीत बुडालं, की फोन यायचा आणि मोहिते कमरेला दोर बांधून उतरायचे.

उतरायचे ते डोळे मिटून. त्या पाण्यात दोन हात खाली गेलं की दिसत काहीच नाही. डोळे उघडे ठेवले तर माणूस उगाच दिसण्याची वाट बघत राहतो आणि घाबरतो. म्हणून तळाशी पालथं व्हायचं आणि हात फिरवत सरकायचं. गाळ, दगड, गवत, कापड. कापड लागलं की थांबायचं. असल्या पाण्याला ते 'आंधळं पाणी' म्हणत. दीडशेच्या आसपास माणसं त्यांनी वर आणली असतील, पण पाण्याखाली त्यांनी एकाचाही चेहरा पाहिला नव्हता.

शहरातल्या लष्कर नावाच्या वस्तीत, दाल बाजारामागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी या कामाविषयी कोणी बोलत नसे. फोन आला, की त्यांची बायको सुलोचना न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून ठेवी. ते आले, की आधी अंघोळ, मग चहा. ती विचारत नसे, ते सांगत नसत.

जानेवारीत मोहिते निवृत्त झाले. होळीला त्यांची मुलगी गरिमा पुण्याहून आली आणि पुरणपोळीचं ताट बाजूला सारून तिने टेबलावर लॅपटॉप उघडला.

"बाबा, हे बघा. बाली. पूर्वेच्या टोकाला अमेड म्हणून गाव आहे. जूनमध्ये आपण जातोय. तुम्ही, मी आणि आई."

पडद्यावर निळं पाणी होतं आणि किनारा डांबरासारखा काळा.

"ही रेती अशी का?" सुलोचनाने विचारलं.

"ज्वालामुखी आहे ना मागे. त्याचीच राख, त्याचेच दगड. पाण्याखालीही अशीच काळी रेती आहे."

"फुटतो का अजून?"

"कभी-कभी. आई, इतना मत सोचो." मग ती वडिलांकडे वळली. "आपण तिथे स्कूबा करणार. पाठीवर सिलिंडर बांधून. बाबा, तुम्ही सगळी जिंदगी पाण्यात काढलीत, पण पाणी तुम्ही कधी बघितलंच नाही."

मोहिते हसले आणि हो म्हणाले. मुलगी मागे लागली की ते नेहमीच हो म्हणत.

गरिमाने स्वतः दोन वर्षांपूर्वी अंदमानात ही विद्या शिकून घेतली होती. अमेडला शिकवणारा विहंग नावाचा तरुण तिच्या ओळखीचा, मूळचा पुण्याचाच. तिने दिवसांचा तक्ता केला. पहिले दोन दिवस उथळ पाण्यात सराव, तिसऱ्या दिवशी प्रवाळ, शेवटच्या डाइव्हनंतर एक अख्खा दिवस विमानात बसायचं नाही. पासपोर्टचे अर्ज गेले. मोहित्यांच्या चौकशीला घरी आलेला शिपाई त्यांच्याच ओळखीचा निघाला आणि चहा पिऊन गेला.

विहंगने एकदा व्हिडिओवर सगळं समजावलं. "काका, एकच नियम पक्का लक्षात ठेवायचा. खाली श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा."

मोहित्यांना हे उलटंच वाटलं. पाण्याखाली श्वास रोखण्यावर तर त्यांनी घर चालवलं होतं.

मग तब्येतीचा फॉर्म आला. हृदय, फुप्फुसं, कान, सगळ्याला त्यांनी 'नाही' लिहिलं. खाली एक प्रश्न होता, पाण्यात किंवा इतरत्र कधी भीतीचा झटका आला होता का. तिथे त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मग तिथेही 'नाही' लिहून त्यांनी कागद गरिमाकडे दिला.

एप्रिलच्या एका रविवारी ती पुन्हा आली. येताना तिने डोळ्यांवर लावायचा काचेचा मास्क आणला होता. सकाळी दोघं तरणतलावावर गेले. पाणी स्वच्छ होतं, तळाच्या फरश्या मोजता येत होत्या. उथळ बाजूला चार-दोन लोक हातपाय मारत होते, खोल बाजू रिकामी होती.

"फक्त खाली जायचं आणि डोळे उघडे ठेवायचे," गरिमा म्हणाली. "मी इथे काठावर बसते."

मोहिते खाली गेले. काचेवर पाणी चढलं आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. उघडायचे म्हणून त्यांनी जोर लावला, पण पापण्या हलेनात. तेवढ्यात सवयीने उजवा हात पुढे गेला, तळावरून फिरला, आणि त्या हातात एक हात आला.

तो धडधाकट, ऊबदार हात होता. ओळखीच्या माणसाने दारात भेटल्यावर द्यावा तसा तो आला आणि त्याने मोहित्यांची बोटं दाबून धरली.

पुढचं त्यांना आठवत नव्हतं. गरिमा त्यांना काखेत धरून वर ओढत होती आणि ओरडत होती. काठावर बसवल्यावर ती म्हणाली, "बाबा, किती वेळ! मी हाक मारत होते, पाण्यावर हात आपटत होते. तुम्ही हलतच नव्हता." मग तिने त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो अजून अर्धवट मिटलेला होता. "तुम्ही खाली कोणाचा हात धरला होता?"

मोहित्यांनी तलावाकडे पाहिलं. फरश्या आणि पाणी, दुसरं काही नव्हतं. आणि मग, टॉवेल खांद्यावर घेऊन, जे त्यांनी अकरा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं ते मुलीला सांगितलं.

दाना ओली या गल्लीत राहणारे भालचंद्र गर्दे नावाचे गणिताचे शिक्षक जानेवारीतल्या एका दिवशी घरातून निघाले ते परतले नाहीत. शहराबाहेरच्या एका जुन्या खदानीपाशी त्यांची सायकल आणि चपला सापडल्या. मोहिते तीन दिवस त्या पाण्यात उतरत होते. त्यांचा साथीदार समरजीत वर दोर धरून उभा असे. काठावर भालचंद्रांची थोरली बहीण, मंदाताई, शाल गुंडाळून बसलेली असे. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. तिसऱ्या दिवशी दुपारी, तळाशी, कपारीजवळ मोहित्यांच्या हाताला हात लागला.

"मी पकडला. नेहमीसारखा. मनगटाशी दोर बांधायचा आणि वर खूण द्यायची, एवढंच. पण त्या हाताने माझा हात दाबला, गरिमा. आणि तो गरम होता. त्या थंडीत मला माझे स्वतःचे पाय कळत नव्हते, आणि तो गरम होता."

"मग?"

"मग मी सोडून दिला. वर येऊन सांगितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी शोध थांबवला." ते टॉवेलाच्या टोकाशी चाळा करत राहिले. "ती बाई मला बाजारात दिसते. मी दुसऱ्या गल्लीत वळतो."

"तुम्ही तिला सांगायला पाहिजे," गरिमा म्हणाली. "बालीला जायच्या आधी."

त्याच दिवशी चारच्या सुमाराला दोघं दाना ओलीत गेले. मंदाताई आता सत्तरीच्या पुढे होत्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहत. त्यांनी मोहित्यांना लगेच ओळखलं, बसा म्हणाल्या, आणि विचारण्याआधी पन्ह्याचे पेले आणून ठेवले. भिंतीवर भावाचा फोटो होता. त्याला हार नव्हता.

मोहित्यांनी पेल्याला हात न लावता सगळं सांगितलं. माफी मागितली. मंदाताईंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग त्या म्हणाल्या, "उजवा हात होता की डावा?"

"उजवा. माझ्या उजव्यात सरळ आला."

"बोटं सगळी होती?"

मोहित्यांना हा प्रश्न कळला नाही. पण हात त्यांच्या लक्षात होता, सकाळीच तर पुन्हा हातात आला होता. त्यांनी मनातल्या मनात बोटं मोजली. "पाच. करंगळी इथे, कडेला लागत होती."

मंदाताईंनी पेला खाली ठेवला. "भालचंद्रला उजव्या हाताची करंगळी नव्हती. आठ वर्षांचा असताना दारात चेंगरली, ती काढावीच लागली. मी पोलीस ठाण्यात लिहून दिलं होतं."

"आमच्यापर्यंत कागद यायचा नाही. आम्हाला फक्त जागा दाखवायचे."

गरिमा वडिलांच्या जवळ सरकली.

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही माझ्यापासून तोंड लपवत होता," मंदाताई सावकाश म्हणाल्या, "ते दुसऱ्याच कोणासाठी."

"मग भालचंद्रराव..."

"ते मला माहीत नाही. मी कधी बुडाला म्हटलंच नाही, तुम्ही लोक म्हणालात." त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. "पण तुम्ही ज्याचा हात सोडलात तो कोण? त्याला शोधायला कोणी आलं होतं का?"

कोणी आलं नव्हतं. त्या खदानीची दुसरी तक्रार कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहित्यांनी समरजीतला स्कूटरवर मागे बसवलं आणि खदानीचा रस्ता धरला. कुठे जातोय ते रस्ताभर सांगितलं नाही. जागा सापडायला वेळ लागला, कारण खदान राहिलीच नव्हती. मलबा टाकून ती केव्हाच बुजवली होती आणि तिच्यावर मॅरेज गार्डन उभं होतं. हिरवंगार लॉन, पांढऱ्या खुर्च्यांचे ढीग, आदल्या लग्नाची झेंडूची फुलं एका कोपऱ्यात झाडून ठेवलेली. एक माणूस नळीने गवताला पाणी घालत होता.

मोहित्यांनी अंदाजाने पावलं टाकली आणि लॉनच्या मधोमध थांबले. "इथे," ते म्हणाले आणि समरजीतला सगळं सांगितलं.

समरजीत हसला नाही की दचकला नाही. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली. "हेमेंद्र, मी पण तुला एक बात सांगितली नाही. त्या दिवशी दोर माझ्या हातात होता. तू किती वेळ खाली होतास, मालूम आहे?"

"दोन मिनिटं. फार तर अडीच."

"नऊ. मी घड्याळ बघितलं होतं. पाच झाल्यावर मी दोर ओढला, तर वरून ओढला जाईना. कोणीतरी खालून धरल्यासारखा ताठ. मी म्हटलं, गेला. मग तू स्वतःच वर आलास आणि म्हणालास, काही नाही. तुझा श्वाससुद्धा फुलला नव्हता." तो गवताकडे बघत होता. "नंतर वाटलं, घड्याळच बिघडलं असेल. कोणाला काय सांगणार?"

नळीवाला माणूस जवळ आला आणि त्यांना जरा बाजूला व्हायला सांगून त्या जागी पाणी घालू लागला.

जमिनीखाली कोणी असलं तर ते आता काढता येण्यासारखं नव्हतं. तरी मोहित्यांनी ठाण्यात जाऊन जबाब दिला. हात, जागा, तारीख, पाच बोटं. हवालदाराने लिहून घेतलं, सही घेतली आणि पुढे काही झालं नाही. घरी येऊन त्यांनी गरिमाकडून तो फॉर्म परत मागवला आणि भीतीच्या प्रश्नाला 'हो' लिहिलं. त्यामुळे डॉक्टरची सही लागली. डॉक्टरने छाती तपासली, कान तपासले, नेमकी कशाची भीती म्हणून विचारलं. मोहिते म्हणाले, "कामाची." डॉक्टरने सही केली.

"बाबा, कॅन्सल करू?" गरिमाने फोनवर विचारलं. "खरंच, मला वाईट नाही वाटणार. आपण नुसतं फिरू."

"नको. बघून येऊ."

जूनमध्ये ते तिघं गेले. मागे डोंगर ढगात बुडालेला, पुढे काळे दगड आणि इतकं निवळ पाणी, की उभ्या होड्यांच्या सावल्या तळावर दिसत. सुलोचनाने डोंगराला हात जोडले आणि ती झाडाखाली बसली. पहिल्या दिवशी सकाळी विहंग एका बाजूला आणि गरिमा दुसऱ्या बाजूला, असे मोहिते तीन पुरुष खोल पाण्यात उतरले. श्वास घ्यायचा, सोडायचा. डोळे उघडे राहिले. पिवळे मासे येऊन त्यांच्या काचेपाशी थांबले. काळ्या रेतीवर त्यांना स्वतःची सावली दिसली आणि तिच्याकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

मग, रेतीवर गुडघे टेकल्यावर, त्यांनी मुद्दाम डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला.

ते वाट बघत राहिले. बोटांमधून पाणी गेलं. दुसरं काही आलं नाही.

वर आल्यावर गरिमाने तोंडातली नळी काढून आधी तेच विचारलं. "आला?"

"नाही."

"मग चांगलंच झालं ना?"

आपल्याला हायसं वाटेल असं मोहित्यांना वाटलं होतं. त्याऐवजी त्यांना हातात ती ऊब हवी होती, आणि ही गोष्ट त्यांना खदानीतल्या त्या दुपारपेक्षाही भयंकर वाटली. दुपारच्या डाइव्हला ते उतरले नाहीत. कान दुखतोय म्हणाले.

गरिमा आणि विहंग दोघंच गेले. सुलोचनाने मोहित्यांना झाडाखाली सावलीत बोलावलं, पण ते गेले नाहीत. पाण्याच्या कडेला, उन्हात तापलेल्या काळ्या दगडांवर ते अनवाणी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते काठावर होते आणि त्यांचं माणूस खाली. दूर बुडबुडे फुटत होते. ते दिसेनासे झाले की त्यांचा श्वास अडके, पुन्हा दिसले की सुटे. घड्याळ बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मंदाताई काठावर तीन दिवस कशा बसल्या असतील, हे तेव्हा त्यांच्या मनात आलं.

बऱ्याच वेळाने होडीच्या पलीकडे आधी विहंगचं डोकं वर आलं, मग गरिमाचं. तिने हात वर करून हलवला. मोहिते कपड्यांनिशी कमरेपर्यंत पाण्यात शिरले आणि ती जवळ येईपर्यंत तिथेच उभे राहिले.