दोन शून्यांचा तलाव

देवाने पाणी दिले, पाण्याला उतार दिला, उताराला दिशा दिली. पण उंची कुठून मोजायची, हे मात्र त्याने सांगितले नाही. ते काम त्याने माणसांवर सोपवले. आणि मायबाप हो, माणसांचे एकमत झाले असते, तर ही कथा सांगायची वेळच आली नसती.

आमच्या तलावाचे वरचे टोक पूर्वी एका प्रांतात होते आणि खालचे दुसऱ्यात. वरच्या प्रांताच्या मोजणीदारांनी दूरच्या एका बंदरापासून उंची मोजत मोजत इथवर आणली, घाटाच्या तळच्या पायरीत पितळेचा खुंट ठोकला आणि म्हटले, "हे शून्य." खालच्या प्रांताने दुसरे बंदर धरले. त्यांचे शून्य चाळीस सेंटिमीटर वर बसले. म्हणजे पाणी एकच, पण वरच्यांनी चार मीटर म्हणावे आणि खालच्यांनी तीन साठ. पुढे प्रांत गेले, सीमा गेल्या, साऱ्या देशाला एकच शून्य लागू झाले, आणि ते पडले खालच्यांच्या बाजूचे. कचेरीने पत्रक काढले: यापुढे नवे शून्य.

पत्रक आले, पण गाव हलले नाही. गाव पितळी खुंटावर उभे होते. पाणी चारला पोचले की ज्या गल्लीत शिरते, ती चाराची गल्ली. स्थळ सांगताना माणसे म्हणत, "साडेचाराच्या वर घर आहे, पोरीला सुखात ठेवू." कुणी तापट असला तर विचारत, "आज साहेबांची पातळी किती?" गावाची सोयरीक, गावाची थट्टा, गावाची भीती, सारे त्या एका खुंटाला बांधलेले.

आणि त्या खुंटाचा पुजारी म्हणजे आमचे पट्टीदादा.

घाटाच्या कडेला दगडी भिंतीत लोखंडी मोजपट्टी बसवलेली होती. दादांचे काम एवढेच, की रोज सकाळी तिच्यावर पाणी कुठे आले ते पाहायचे, फळ्यावर खडूने लिहायचे आणि फोनवरून कळवायचे. एवढेच! पण भक्ताची भक्ती कामाच्या आकाराने मोजत नाहीत. दादा पायरीवर पालथे झोपत, हनुवटी दगडाला टेकवत, डोळा पाण्याच्या रेषेत आणत. लाटा येत आणि जात. दादा श्वास धरून लाटेचा माथा पाहत, तळ पाहत आणि दोहोंच्या मधला आकडा उचलत. हिवाळ्यात दगड छातीला चावे. पावसाळ्यात पाठीवर धारा कोसळत. नावाडी चेष्टा करत, "दादा, तलावाच्या कानात काय सांगताय?" दादा न उठता म्हणत, "सांगत नाही रे, ऐकतोय." लग्न राहून गेले होते. घाटावरच्या कचेरीच्या खोलीत एक खाट, एक कंदील, एक फोन, आणि मागच्या डोंगरावर पाऊस मोजायचे एक भांडे. हा एवढाच संसार.

त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला दादांचा धाकटा भाऊ असे. तलावाच्या खालच्या तोंडाशी, जिथून पाणी नदीला जाते, तिथल्या लोखंडी दरवाजांवर तो कामाला होता. नियम असा, की वरच्या घाटावर पाणी नव्या शून्याने तीन तीसच्या वर गेले की दरवाजे उघडायचे. धाकट्याला आपल्या टोकाचे पाणी दिसे, पण त्यावर भरवसा ठेवता येत नसे. वारा सुटला की तलाव एका अंगाला कलतो. खालचे टोक उथळ दिसते आणि वरचे भरून येते. म्हणून डोळे दादांचे आणि हात धाकट्याचे. रोज सकाळी फोन वाजे.

"दादा, किती?"

"तीन दहा."

"बरं."

तेवढ्यावर फोन ठेवला जाई. दादांच्या जिभेवर जुनेच शून्य होते. पत्रक येऊन वर्षे लोटली तरी जीभ वळली नाही. धाकट्याने थोरल्याला एकदाही टोकले नाही. ज्याने सायकल शिकवली त्याला शून्य कसे शिकवायचे? तो मुकाट्याने मनात चाळीस वजा करी आणि नव्या शून्याचा आकडा लिहून ठेवी.

या दोघांच्या मधोमध त्यांची अक्का. आई गेल्यावर दोघांना वाढवणारी थोरली बहीण. ती चाराच्या गल्लीत तळमजल्याच्या एका खोलीत राहत असे. गुडघे कायमचे गेले होते. खाटेवर बसून ती लोकांचे कपडे दुरुस्त करी आणि जिभेने लोकांना दुरुस्त करी.

एका संध्याकाळी दादा तिच्याकडे बसले होते. बाहेर पाऊस लागून राहिला होता.

"तुला लाज नाही वाटत?" अक्काने सुईत दोरा ओवता ओवता विचारले.

"आता काय केलं मी?"

"तो बिचारा रोज तुझ्या आकड्यातून चाळीस काढतो. रोज! वर्षानुवर्षं. मला परवा बोलता बोलता सांगून गेला. तुला कधी सांगणार नाही तो."

दादा म्हणाले, "मला वाटलं, तिकडेही जुनंच चालतं."

"तुला वाटलं! तू मोठा ना? मग मोठ्यानं वाकावं. नव्या शून्याने सांग त्याला. दोघांची मापं वेगळी आणि भांडण मिटवायला म्हातारी मी."

"भांडण कुठे आहे, अक्का?"

"असतं तर बरं होतं. निदान बोलला तरी असतात."

वाचकहो, ही बाई खरे बोलली. तिचे खरे बोलणेच तिच्यावर कसे उलटले, ते आता ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस तसाच होता. दादा पायरीवर पालथे झाले. पट्टीवर पाणी तीन बहात्तरला होते. दरवाजे उघडायची वेळ झाली होती. दादा उठले, ओल्या हातांनी फळ्यावर गावासाठी तीन बहात्तर लिहिले, आणि मनात, आयुष्यात पहिल्यांदा, धाकट्यासाठी चाळीस वजा केले. फोन वाजला तेव्हा छाती आनंदाने भरली होती. सांगायचे काहीच नव्हते. प्रेमाने दिलेले देणे बोलून दाखवायचे नसते, अशी त्यांची शिकवण.

"दादा, किती?"

"तीन बत्तीस."

धाकट्याने नेहमीप्रमाणे, नेहमीच्याच मायेने, चाळीस वजा केले. दोन ब्याण्णव. काल याहून जास्त होते. त्याने खिडकीतून पाहिले. त्याच्या टोकाला वारा फिरल्यासारखा वाटत होता. वरचे पाणी इकडे लोटले असेल. त्याला हायसे वाटले.

"बरं, दादा."

एकाने दुसऱ्यासाठी आकडा उतरवला. दुसऱ्याने पहिल्यासाठी तोच आकडा पुन्हा उतरवला. दोघांच्याही मनात माया होती. दोघांच्याही तोंडाला कुलूप होते. दरवाजे बंद राहिले.

दादा घाटावरून निघाले आणि वाटेत अक्काच्या दाराशी थांबले. शेजारचा नावाडी तिथे उभा होता.

"दादा, अक्काला माझ्या वरच्या खोलीत नेऊ का? पाठीवर घेतो."

"गोणी आहे का मी?" आतून अक्का म्हणाली. पण लगेच आवाज उतरवून तिनेच विचारले, "जाऊ का रे वर? पाणी चढतंय ना?"

"कशाला उगाच जिन्यावर हाल करून घेतेस?" दादा म्हणाले. "एव्हाना त्यानं दरवाजे उघडले असतील. दुपारपासून उतरायला लागेल. बस निवांत."

मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "आज नव्याने सांगितलं त्याला."

अक्का हसली. "आला शहाणपणा." हे तिचे दादांशी शेवटचे बोलणे.

दादा डोंगरावर पावसाचे भांडे पाहायला गेले. नावाडी आपल्या होड्या बांधायला गेला. दुपारच्या आत गल्लीत पाणी आले. आधी उंबरा भिजला, मग खाटेचे पाय बुडाले, मग शिवायचे कपडे तरंगू लागले. दार आत उघडणारे होते. लाकूड फुगून चौकटीत बसले आणि आतून पाण्याचा दाब आला. नावाडी धावत आला, हाका मारल्या, दार हलेना. खिडकीचे गज उपटून तो आत शिरला तेव्हा खोलीत हाकेला ओ देणारे कुणी उरले नव्हते. दादा डोंगरावरून उतरताना त्यांना वरूनच दिसले: गल्लीच्या जागी तपकिरी पाणी. त्यांनी खालच्या तोंडाकडे पाहिले. इतक्या लांबून दरवाजे दिसत नाहीत. पण दरवाजे उघडले की नदीवर तुषारांचा जो पांढरा धूर उठतो, तो नव्हता.

पाणी ओसरल्यावर चौकशी झाली. कचेरीच्या लांब खोलीत अधिकारी बाई बसल्या होत्या. समोर दादा, मागच्या बाकावर धाकटा. बाई कठोर नव्हत्या. घाटावरचा फळा पुराने धुऊन काढला होता, आणि त्यांना फक्त जाणून घ्यायचे होते.

"त्या सकाळी तुम्ही कोणता आकडा सांगितलात?"

"तीन बत्तीस."

"कोणत्या शून्याने?"

दादांनी मागे वळून पाहिले नाही. "जुन्या. मी दुसऱ्या कशाने सांगतच नाही, बाई. सारं गाव जाणतं."

"पण पाणी तर तेव्हा..."

"नंतर ध्यानात आलं, तीन बहात्तर होतं. मी पट्टी चुकीची वाचली. बहात्तरचं मला बत्तीस दिसलं. म्हातारे डोळे." आणि मग अगदी हळू, "धाकट्याचा दोष नाही."

मायबाप हो, असत्य ते असत्यच. मी त्याला पुण्य म्हणणार नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर दगडावर छाती टेकून केसाएवढी चूक होऊ दिली नाही, त्याने आपली एकुलती एक मिरास, आपली नजर, भावाच्या अंगावर पांघरूण म्हणून टाकली. आणि पाहा कसे दुर्दैव! ते पांघरूणच धाकट्याला पोळले. बहात्तर आणि बत्तीस. जो रोज चाळीस वजा करतो, त्याला चाळीसची ओळख पटवावी लागत नाही. बाकावर बसल्या बसल्या धाकट्याला सारे कळले. दादाचे डोळे चुकत नाहीत. दादा त्या दिवशी माझ्यासाठी वाकला होता, आणि मी तो वाकलेला आकडा पुन्हा वाकवला. जो भाऊ साध्या वजाबाकीवर बोलला नव्हता, तो यावर काय बोलणार?

दादांची नोकरी गेली. पट्टीच्या जागी आपोआप आकडा पाठवणारे यंत्र बसले. हुकूम कुणाचा ते न सांगता पितळी खुंटावर सिमेंट टाकण्यात आले. दादा अक्काच्या खोलीत राहायला गेले. भिंतीवर पाण्याची रेघ होती, ती त्यांनी पुसली नाही, रंगवली नाही. गाव त्यांना पट्टीदादा म्हणेनासे झाले. काही जण काहीच म्हणत नसत. ते अधिक वाईट. धाकटा खालच्या टोकाला आपल्या खोलीत राहिला. अक्कानंतर दोघे समोरासमोर आले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी, नेहमीच्या वेळी, अक्काच्या खोलीत दादांनी बसवून घेतलेला फोन वाजला. दादांनी उचलला. पलीकडे श्वास ऐकू आला, आणि मागे पाणी पडल्याचा आवाज. दरवाजे उघडे होते.

"दादा." मग जुनाच प्रश्न, त्याला दुसरा येतच नव्हता. "किती?"

दादांच्या समोर भिंतीवरची रेघ होती. खाटेच्या कितीतरी वर.

"कुठून मोजू, बाळ?" दादांनी विचारले. "सांग. कोणत्या शून्यावरून?"

पुराच्या त्या सकाळी दोघांपैकी कुणीही हे विचारले असते, तर अक्का आज सुईत दोरा ओवत बसली असती. पलीकडे धाकटा रडत होता, आणि दादांनी फोन ठेवला नाही. ऐकत राहिले, पूर्वी पालथे झोपून तलावाला ऐकत तसे, श्वास धरून.